व्याजाची वजावट की थेट करात सूट?

गृहकर्जाचं व्याज उत्पन्नातून वजा होतं, तेव्हा फायदा कराच्या टप्प्यावर ठरतो. वर्षाला १ लाख व्याज भरणाऱ्याचे ३० टक्क्यांच्या टप्प्यात ३० हजार वाचतात, १० टक्क्यांच्या टप्प्यात १० हजार. कर लागतच नसेल तर हाती भोपळा. म्हणजे ज्याची कमाई जास्त, त्यालाच सूट जास्त! शिवाय घरांचा तुटवडा असेल तर ही सूट किमतीत मुरते आणि गब्बर होतो तो विकणारा.

दुसरा पर्याय: व्याजाचे ठरावीक टक्के थेट देय करातून वजा, त्यालाही कमाल मर्यादा. माझा कौल यालाच. भाडेकरू मात्र दोन्हीकडे कोरडाच. बदल एका फटक्यात नको. ब्रिटनने व्याजसवलत हळूहळू छाटत २००० मध्ये बंद केली.