गोव्याच्या गच्चीवरून ऑनलाइन आकाश: पावसाळा सरल्यापासून मेअखेरपर्यंतच्या वापरानंतर

आकाशदर्शनासाठी इंटरनेटवर फुकट मिळणारी साधनं आता इतकी झाली आहेत की नवखा माणूस निवडण्यातच दमतो. गोव्यातल्या एका पूर्ण हंगामाच्या वापरात त्यांतलं काय टिकलं आणि काय गळलं, ते इथे मांडतोय. साधनं वाईट नाहीत, काही तर अव्वल आहेत. फक्त ती बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर थंड, कोरड्या हवेत राहणारा माणूस होता. आपण १५.५ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्राला खेटून, दमट हवेत उभे असतो. ठिकाण, वेळ आणि हवा या तीन गोष्टी स्वतः भरल्याशिवाय पडद्यावरचं आकाश गच्चीवरच्या आकाशाशी जुळत नाही.

सगळ्यात जास्त वापर झाला तो स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या संगणकावरच्या रूपाचा. मोबाइलवर आणि ब्राउझरमध्ये चालणारी त्याची रूपं झटपट बघायला ठीक आहेत, पण पुढे सांगतोय त्यातलं बरंचसं संगणकावरच जमतं. उघडल्यावर पहिलं काम म्हणजे एफ६ दाबून ठिकाण भरणं. नेटवर्कवरून ठिकाण ओळखण्याची खूण काढून टाका. गोव्यातली इंटरनेट जोडणी कित्येकदा मुंबई किंवा बंगळुरूची म्हणून नोंदलेली असते. मुंबई धरली गेली तर ध्रुवतारा क्षितिजापासून १९ अंशांवर दाखवला जातो. पणजीत तो साडेपंधराच अंशांवर असतो. दक्षिणेला हा फरक जास्त बोचतो. त्रिशंकू (सदर्न क्रॉस) या तारकासमूहाचा सर्वांत तळचा तारा मुंबईहून जेमतेम ८ अंश वर येतो, पणजीहून साडेअकरा. माडांच्या शेंड्यांमागून तो दिसणार की नाही, हे एवढ्याच फरकावर ठरतं. पणजीसाठी अक्षांश १५°३०' उत्तर आणि रेखांश ७३°५०' पूर्व पुरेत. काणकोणला राहत असाल तर मात्र तिथले आकडे भरा, अर्धा अंश इकडचा तिकडे होतो.

भरलेलं बरोबर आहे का हे तपासायला एक सोपी तारीख आहे: २६ डिसेंबर २०१९, सकाळी साधारण ९:२०. पणजीहून सूर्याचं मोठं खंडग्रास ग्रहण दिसायला हवं. पूर्ण कंकण दिसलं तर ठिकाण दक्षिणेला सरकलंय, कारण कंकणाकृतीचा पट्टा कासरगोड-कन्नूरकडून गेला होता. ग्रहण भलत्याच वेळी दिसलं तर टाइमझोन चुकलाय.

क्षितिजाचं काम बहुतेक जण करत नाहीत आणि मग सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. स्टेलॅरियमसोबत येणारं हिरवं माळरान काढून तिथे स्वतःच्या गच्चीचं क्षितिज बसवता येतं. त्यासाठी कॅमेराही लागत नाही. एका साध्या मजकूर फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर दोन आकडे लिहायचे: दिगंश, म्हणजे दिशेचा कोन, आणि त्या दिशेला झाड-इमारत किती अंश उंच आहे ते. उत्तरेला शून्य धरून पूर्वेकडून मोजत जायचं, दर १० अंशांना एक नोंद, म्हणजे ३६ ओळी. जिथे माड किंवा शेजारची पाण्याची टाकी आहे तिथे दोन-तीन नोंदी वाढवा. सोबत दुसऱ्या छोट्या फाइलमध्ये नाव, प्रकार ‘पॉलिगोनल’ आणि पहिल्या फाइलचं नाव. दोन्ही झिप करून एफ४ च्या खिडकीतून लँडस्केपमध्ये जोडायच्या. उंची मोजायला मोबाइलमधलं तिरकस कोन मोजणारं कुठलंही अॅप चालतं. दिशेसाठी मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका. गच्चीवरच्या सळ्या आणि पत्रे त्याला सहज ५-१० अंश फिरवतात. त्याऐवजी उभ्या काठीची सावली वापरा. गोव्यात सूर्य बरोबर बाराला माध्यान्हीवर नसतो. भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशाची असल्यामुळे आपल्याकडे माध्यान्ह सरासरी १२:३५ ला येते; नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ च्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२:४९ ला. त्या दिवसाची नेमकी वेळ स्टेलॅरियमच सांगतं. हिवाळ्यात त्या क्षणीची सावली अचूक उत्तरेकडे पडते.

आता हवा. एफ४ च्या खिडकीत वातावरणाशेजारी एक छोटी खूण आहे, तिच्यात हवेचा दाब, तापमान आणि प्रकाश शोषला जाण्याचा गुणांक भरता येतो. किनाऱ्यावर ०.३ पासून सुरुवात करा, एप्रिल-मेच्या धूसर रात्री ०.४ करा. याचा अर्थ असा, की डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश ०.३ प्रतीने कमी होतो (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). साडेअकरा अंशांवर हवेचा थर डोक्यावरच्या सुमारे पाचपट होतो, म्हणजे घट दीड प्रतीची. त्रिशंकूचा ०.८ प्रतीचा तारा २.३ चा होऊन समोर येतो. ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ २७ अंशांवर येतो, तिथे घट पाऊण प्रतीच्या आत. म्हणून पणजीतून तो द्विनेत्रीतच (बायनॉक्युलरमध्ये) बघावा, नेत्रावळीच्या अंधारात नुसत्या डोळ्यांनी शोधावा. मोठा मॅगेलनी मेघ ही शेजारची छोटी दीर्घिका सॉफ्टवेअर क्षितिजाच्या पाच अंश वर दाखवतं. तिच्यासाठी रात्र घालवू नका. १ मेच्या सुमारास त्रिशंकू माध्यान्हीवर, म्हणजे दक्षिणेला सर्वांत उंच, येतो तो रात्री साधारण १०:२० ला. बाहेर जायचं असेल तर जादा ताऱ्यांच्या याद्या घरूनच उतरवून घ्या. मूळ यादीत ६ लाखांहून अधिक तारे आहेत, ते द्विनेत्रीला पुरेत, मोठ्या दुर्बिणीला नाहीत. आणि सांगे-सत्तरीच्या आतल्या भागात रेंज मिळेलच असं नाही. रात्री कंट्रोल आणि एन दाबून पडदा लाल होतो. तरी लॅपटॉपच्या पडद्यातून पांढरा उजेड झिरपतोच, वर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर लावा.

प्रकाश-प्रदूषणाचे नकाशे हा सर्वांत जास्त गैरसमजाचा विषय. एकाच संकेतस्थळावर दोन वेगळ्या जातीचे थर असतात आणि लोक ते सरमिसळ वाचतात. ‘वर्ल्ड अॅटलास २०१५’ हा थर आकाश किती उजळ दिसेल याचं गणित आहे, पण तो जुना. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, त्याचे दिवे त्यात नाहीत. त्यामुळे पेडणे तालुका त्या थरावर आहे त्यापेक्षा काळोखा दिसतो. दुसरा थर उपग्रहाने टिपलेल्या दिव्यांचा. तो ताजा असतो, पण जमिनीवरून वर जाणारा उजेड दाखवतो, आकाशाची उजळी नाही. कळंगुटसमोरचा समुद्र त्यावर काळाकुट्ट दिसतो. तिथे होडीत उभं राहिलात तर पूर्वेचं आकाश पिवळं असतं. शिवाय त्या उपग्रहाचा संवेदक ५०० नॅनोमीटरखालचा निळा प्रकाश पाहत नाही, म्हणजे पांढऱ्या एलईडीतला आकाश सर्वांत जास्त खराब करणारा भाग त्याच्या हिशेबातच नाही. जुने पिवळे सोडियम दिवे काढून एलईडी बसवलेलं गाव नकाशावर ‘सुधारलेलं’ दिसू शकतं. तो उपग्रह मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातो, तेव्हा संध्याकाळी आठचे दिवे त्याला दिसणार तरी कसे? नकाशा एकदाच वापरायचा, जागा हेरायला. दक्षिणेचं आकाश हवं असेल तर दक्षिणेला शहर नसलेला सडा शोधा. पणजीजवळच्या पठारांवरून दक्षिणेला वास्को-मडगावची उजळी येते. खोतीगाव, नेत्रावळीकडे ती मागे राहते.

ढगांचा अंदाज हा प्रकार मी अर्धाच मानतो. बऱ्याच संकेतस्थळांमागे जागतिक मॉडेल असतं आणि त्याच्या जाळीचा चौकोन साधारण २५-२८ किलोमीटरचा. सूक्ष्म मॉडेलचा ९. गोवा पूर्व-पश्चिम ६० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मोठ्या जाळीत किनाऱ्यापासून घाटापर्यंत दोन-तीन चौकोन आले की राज्य संपलं. वाळपईवर मळभ आणि पणजी निरभ्र, हे रोजचं चित्र त्यात उतरत नाही. चोर्ल्याला जायचं की नाही हे ठरवायला इन्सॅट या हवामान उपग्रहाची ताजी चित्रं बरी. पण रात्री फक्त अवरक्त चित्र मिळतं आणि त्यात उंच, थंड ढग पांढरे दिसतात. समुद्रावरून आलेला बुटका ढग किंवा सांग्याकडचं पहाटेचं धुकं जमिनीइतकंच उबदार असतं, त्यामुळे चित्रात जमिनीसारखंच दिसतं. चित्र स्वच्छ आणि डोक्यावर एकही तारा नाही, याचं कारण हे.

अंदाजातला एक आकडा मात्र दर वेळी पाहा: दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते. तापमान आणि दवबिंदू यांच्यातलं अंतर २-३ अंशांच्या आत आलं की दुर्बिणीची काच धुरकट होणार. काच उघड्या आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही थंड होते. व्यासाच्या दीडपट लांबीची नळी पुढे लावली तर तास-दोन तास मिळतात, त्यापुढे उबदार पट्टा लागतो. रात्री उशिरा खारे वारे थांबून मतलई वारे सुटतात तेव्हा किनाऱ्यावर आकाश बऱ्याचदा सुधारतं. आठ वाजता बघून निराश होऊ नका.

हेवन्स-अबव्ह हे संकेतस्थळ आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्या आकाशातून कधी जाणार त्या वेळांसाठी चोख आहे. ठिकाण न भरता उघडलं तर ते शून्य अक्षांश, शून्य रेखांश धरतं, म्हणजे आफ्रिकेजवळचा समुद्र! वेळापत्रक दोन दिवसांपेक्षा जुनं वापरू नका. स्थानकाची कक्षा अधूनमधून उचलली जाते आणि वेळ सरकते. नकाशात पूर्व डावीकडे असते, कारण तो डोक्यावर धरून बघायचा असतो.

गोव्यातून खरोखर उपयोगी काम करायचं असेल तर १९११ साली सुरू झालेल्या ‘आव्सो’ या अमेरिकी संस्थेची रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांची साधनं घ्या. तिचा नकाशा बनवणारा विभाग मला या सगळ्यात सर्वांत आवडला. ताऱ्याचं नाव, नकाशाची रुंदी आणि किती मंद तारे हवेत एवढं भरायचं. द्विनेत्रीसाठी १५ अंशांचा नकाशा, दुर्बिणीसाठी १ अंशाचा. आरशाचा काटकोनी जोड लावलेल्या दुर्बिणीत चित्र उजवं-डावं उलटतं, तेव्हा उलटा नकाशा निवडा. ताऱ्यांशेजारचे आकडे दशांशचिन्हाशिवाय असतात, कारण टिंब म्हणजे तारा वाटेल: ५८ म्हणजे ५.८. समजा तुमचा तारा ५८ आणि ६४ यांच्या मधे आहे आणि ठळक ताऱ्याकडून एक तृतीयांशावर वाटतोय, तर नोंद ६.०. लाल ताऱ्याकडे टक लावू नका, तो उगाच ठळक वाटू लागतो. ओझरती नजर पुरे. तुलनेचे तारे साधारण त्याच उंचीचे घ्या. ३० अंशांवर हवा डोक्यावरच्या दुप्पट असते, आपल्या हवेत त्यानेच ०.३ प्रतीची चूक येते.

नोंद पाठवताना तारखेवर लक्ष ठेवा. जागतिक वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून १० जानेवारीच्या पहाटे चारचं निरीक्षण ९ जानेवारीचं, २२:३० वाजताचं होतं. ज्युलियन दिनांक, म्हणजे खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी, वापरलात तर कटकट नाही. तो आपल्याकडे संध्याकाळी ५:३० ला बदलतो, त्यामुळे अख्खी रात्र एकाच दिनांकात येते. नकाशावर छापलेला क्रमांक नोंदीत लिहायलाच हवा. नवख्यांनी काक्षी (बेटेलज्यूज) या ताऱ्यापासून सुरुवात करावी; फेब्रुवारी २०२० मध्ये तो १.६ प्रतीपर्यंत मंदावला होता. नंतर सिंहेतला आर लिओनिस, मग तिमिंगलातला मीरा. मीराचं चक्र सुमारे ३३२ दिवसांचं असल्याने त्याचा उच्चांक दर वर्षी महिनाभर आधी येतो, आणि तो एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पडला तर आधी सूर्य, मग पाऊस आपल्याला आडवा येतो. तेवढ्या काळात इतर देशांतल्या नोंदींचा आलेख आव्सोच्या संकेतस्थळावरच बघता येतो.

फोटोतलं आकाश ओळखून देणारं अॅस्ट्रोमेट्री.नेट मोबाइलच्या फोटोंवर अडखळतं, आणि कारण बहुधा फोटोतच असतं. रुंद भिंगाच्या कडांना तारे ताणले जातात, झावळ्यांमधून डोकावणारे दिवे तारे समजले जातात. मधला अर्धा भाग कापून घ्या आणि रुंदी ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असल्याचं सेटिंगमध्ये भरा. साध्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात तो तुकडा सुमारे ३८ अंशांचा होतो. प्रकाशन-काळ १५ सेकंदांच्या आत ठेवा, नाहीतर तारे रेघा होतात.

जून लागला की उरतात ते आकाशाच्या चित्रांचे आणि नोंदींचे ऑनलाइन संग्रह. त्यांत अलादिन लाइट पहिलं: ब्राउझरमध्ये उघडतं आणि एकाच जागेचं दृश्य, अवरक्त, रेडिओ असं आकाश एकावर एक ठेवता येतं. कन्येतली एम८७ दीर्घिका गोव्याच्या जवळजवळ डोक्यावरून जाते. तिच्यावर जीएमआरटी या पुणे जिल्ह्यातल्या रेडिओ दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेलं टीजीएसएस सर्वेक्षण चढवून बघा. ठळक उगमाभोवतीच्या रेघा प्रक्रियेतून येतात, त्यांना आकाशातलं काही समजू नका. पॅन-स्टार्स हे सर्वेक्षण खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला ३० अंशांच्या खाली जात नाही, त्यामुळे ओमेगा सेंटॉरीसाठी डीएसएस हे दुसरं सर्वेक्षण निवडा, नाहीतर पडदा कोरा येतो. जीएमआरटीच्या नारायणगावजवळ खोडदच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्यांनी जमवलेली मूळ माहितीही ऑनलाइन आहे. गंमत म्हणजे त्या संग्रहाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून ‘गोवा’ होतात, शोधताना पर्यटनाची पानं आली तर दचकू नका. तिथे तयार चित्र मिळत नाही, कच्ची मोजमापं मिळतात. एकेक फाइल कित्येक जीबींची, आणि चित्र काढायला कासासारखं सॉफ्टवेअर शिकावं लागतं. मोबाइल डेटावर तिकडे वळू नका. पैसे देऊन घ्यायची रंगीत आकाश-अॅप्स मी काढून टाकली. त्यांत वरच्यापेक्षा अधिक काही नाही. दुर्बीण घ्यायच्या विचारात असाल तर अलादिनमधली चित्रं बघून ठरवू नका. आधी पणजीच्या असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमीच्या एखाद्या आकाशदर्शनात तोच तारकागुच्छ डोळ्यांनी बघा, मग किती व्यासाची घ्यायची ते ठरवा.