सलग टेक की तुकडे? उत्कंठेचा प्रसंग चित्रित करण्याआधी

प्रसंग असा धरू: रात्री एक बाई घरी येते. आतल्या खोलीत कुणीतरी लपलेलं आहे. पडद्यावर दोन मिनिटं, हाताशी एका रात्रीचं शूटिंग. हे सलग एका टेकमध्ये, म्हणजे कॅमेरा न थांबवता, घ्यावं की पंधरा-वीस शॉटमध्ये? कॅमेऱ्याचा विचार नंतर. ताण वेळेत आहे की लपवलेल्या गोष्टीत, हे आधी ठरवा.

ताण वेळेत असेल तर सलग टेक घ्या. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) मध्ये सुरुवातीलाच गाडीत टाइमबॉम्ब ठेवलेला दिसतो आणि पुढे तीन मिनिटांहून जास्त वेळ कट नाही. गाडी नजरेआड जाते, पुन्हा येते, आणि प्रेक्षक मनातल्या मनात सेकंद मोजत राहतो. पडद्यावरचा वेळ आणि घड्याळातला वेळ एकच झाला की सुटका नसते.

किंमत मात्र चुकवावी लागते. २४ ते २८ मिमीची लेन्स आणि लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ४ ते ५.६ ठेवलं तर चालत्या कॅमेऱ्यात फोकस सांभाळता येतो, पण मग उजेड जास्त लागतो आणि कॅमेरा घरभर फिरणार असल्याने लाइट लपवायला जागा राहत नाही. टेबललॅम्प, ट्यूबलाइट, स्वयंपाकघरातला बल्ब असे फ्रेममध्येच शोभणारे दिवे वापरा. बूमची (लांब काठीवरच्या माइकची) सावली भिंतीवर पडते, म्हणून कपड्यांत लपवायचा लेपल माइक हवाच. अर्धी रात्र तालमीत जाईल. खरा धोका वेगळाच: साठाव्या सेकंदाला गती पडली तर संकलक काहीही करू शकत नाही. म्हणून कुलूप, हात, पडदा यांचे तीन-चार क्लोजअप घेऊनच पॅकअप करा.

ताण लपवण्यात असेल तर तुकडे. ‘द बर्ड्‌स’ (१९६३) मध्ये नायिका शाळेबाहेर बाकावर सिगारेट ओढत बसते आणि तिच्या पाठीमागे कावळे जमत जातात. आधी तिच्यावरून कावळ्यांवर कट होत राहतात. मग कॅमेरा बराच वेळ तिच्याच चेहऱ्यावर थांबतो. मागे किती जमले ते कळत नाही. तिची नजर एका उडत्या कावळ्यामागे जाते तेव्हाच पूर्ण दृश्य उघडतं. पार्श्वसंगीत नाही, फक्त वर्गातल्या मुलांचं गाणं. त्या गाण्यामुळेच भीती वाढते.

इथे चूक होते ती लयीत. सगळे शॉट दोन-दोन सेकंदांचे ठेवले तर प्रेक्षकाला लय कळते आणि तो सैलावतो. सुरुवातीचा वाइड (सगळी जागा दाखवणारा शॉट) आठ-दहा सेकंद, मग हळूहळू आखूड, आणि उलगडा होण्याच्या नेमक्या आधीचा शॉट पुन्हा लांब ठेवा. दुसरी चूक नजरेची: पात्र डावीकडे पाहतं आणि पुढच्या शॉटमध्ये दार उजव्या बाजूचं वाटतं. मग भीतीऐवजी गोंधळ होतो. पात्राच्या नजरेतला शॉट त्याच्याच डोळ्यांच्या उंचीवरून घ्या.

आवाज दोन्हीकडे तितकाच निर्णायक, आणि नेमका तोच सर्वांत दुर्लक्षित. पंखा आणि फ्रीज बंद करा (गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरणार नाही) आणि प्रत्येक खोलीत एक मिनिट रूम टोन, म्हणजे कुणी बोलत-हलत नसतानाचा खोलीचा आवाज, रेकॉर्ड करा. फ्रीजची घरघर वेगळी रेकॉर्ड करून संपूर्ण प्रसंगाखाली हलकी ठेवा आणि आतल्या दाराची कडी वाजण्याआधी तीन सेकंद ती बंद करा. रूम टोन मात्र तसाच राहू द्या, नाहीतर शांततेऐवजी आवाज गेल्यासारखं वाटतं. तुकड्यांच्या संकलनात कडीचा आवाज चित्राच्या १२ ते १८ फ्रेम (साधारण अर्धा ते पाऊण सेकंद) आधी आणता येतो. सलग टेकमध्ये ती सोय नाही. तिथे आवाज फ्रेमबाहेरून यावा लागतो आणि कॅमेरा त्याच्याकडे उशिरा वळावा लागतो.

पाच-सहा जणांची टीम आणि एकच रात्र असेल तर आमचं मत तुकड्यांच्या बाजूने. फक्त त्यातला एक शॉट, बाई दिवा लावायला हात पुढे करते तो, तीस-चाळीस सेकंद न तोडता घ्या. त्याची तालीम सर्वांत आधी, सगळे ताजेतवाने असताना करा.