हिरवी शेडनेट : फुलांच्या वाफ्यांवर हिवाळा काढल्यानंतर

दिवाळीनंतर तालुक्याच्या कृषी केंद्रातून 50 टक्के सावलीची हिरवी जाळी मीटरवर कापून आणली आणि घरामागच्या वाडीत बल्ल्या रोवून बांधली. खाली शेवंती, झेंडू, अ‍ॅस्टर, थोडं पिटुनिया, कडेला गुलाब. गाव आर्वीकडचं, माती काळी भारी. आता उन्हाळा तोंडावर आला, तेव्हा लिहितो.

वस्तू कामाची आहे. पण सरकवता येईल अशी बांधणार नसाल, तर फुलांसाठी घेऊ नका. दुकानदार मिरचीच्या रोपवाटिकेचा हिशेब सांगतात. शेवंती-झेंडूला मात्र हिवाळ्यातलं कोवळं ऊन पूर्ण लागतं. आमच्या शिवारात एकाने झेंडू कायम जाळीखाली ठेवला. रोपं कमरेला लागली, कळ्या मात्र शोधाव्या लागत होत्या. मी दोन्ही बाजूंनी तार ताणून त्यावर कड्या घातल्या. पडद्यासारखी ओढली की झालं.

कधी ओढायची, हे आभाळ ठरवतं. विदर्भात थंडी कुठे असते, असं पुण्याकडचे पाहुणे विचारतात. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर उतरला होता. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब थेट वर निघून जाते आणि पानं हवेपेक्षाही गार पडतात. अशा रात्री जाळी थोडी ऊब अडवते. उघड्यावरच्या पिटुनियाची पानं कडेने काळवंडली, जाळीखालची तशीच राहिली. ढगाळ रात्री मात्र ढगच पांघरुणाचं काम करतात. शेजारचे काकाजी एकदा कुंपणापलीकडून ओरडले, "आभाळ हाये ना आज, कायले झाकतं गा?" बरोबर होतं त्यांचं.

या हिवाळ्यात आभाळ वारंवार आलं आणि खरी कसोटी तेव्हाच लागली. ढगाळ दिवसात पानं वाळत नाहीत. वरून जाळी असली तर दमटपणा आणखी कोंडतो, मग गुलाबावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आणि शेवंतीच्या खालच्या पानांवर काळे ठिपके आलेच. म्हणून असे दिवस मी जाळी पूर्ण गुंडाळून ठेवली. सकाळी जाळीच्या डोळ्याडोळ्यात दव अडकलेलं असतं. सरकवण्याआधी काठीने झटकून घ्या, नाहीतर सगळं पाणी कळ्यांवर पडतं. अवकाळी पाऊस जाळी थांबवत नाही, थेंब फक्त बारीक करते. मुळांना वाचवायचं असेल तर गादीवाफेच, म्हणजे माती चढवून उंच केलेले वाफे, हवेत. काळ्या मातीत पाणी दोन दिवस तुंबलं तर शेवंतीची मर ठरलेली.

गारा एकदाच पडल्या, बोराएवढ्या. जिथे जाळी मधे उंच आणि दोन्हीकडे उताराची होती, तिथे गारा घरंगळून गेल्या. एका कोपऱ्यात सुतळी सैल होती, तिथे गारांचा ढीग साचून पोट आलं आणि बल्ली वाकली. खालचा अ‍ॅस्टर सपाट.

एक बारीक त्रास कुणी सांगत नाही: हिरव्या जाळीखाली प्रत्येक पान निरोगी दिसतं. पिवळेपणा, मावा, फुलकिडे काही कळत नाही. पान तोडून उन्हात नेऊन पाहावं लागतं. पुढच्या वेळी मी पांढरी घेणार आहे.

दर्जाबद्दल. माझी जाळी चपट्या पट्टीची, म्हणजे टेप-टेप आहे. वाऱ्यात रात्रभर फडफडते, आणि तार टोचली तिथे फाटत जाते. गोल धाग्याची मोनो-मोनो महाग पडते, पण हात लावला की फरक कळतो. कापलेल्या टोकाला बांबूची कांब गुंडाळून मगच बांधा.

पैसे वसूल झाले का? मार्गशीर्षातल्या गुरुवारांना आणि संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला शेवंती-झेंडू गावातच उठले. पण त्याचं श्रेय वेळेवर खुडलेल्या शेंड्यांना जास्त. जाळीने खरी कमाल केली ती फेब्रुवारीच्या शेवटी, दुपारचं ऊन चटके देऊ लागलं तेव्हा. अकरा ते चार ओढली की पिटुनिया मान टाकत नाही. उघड्यावरचा केव्हाच संपला.

पाचपैकी साडेतीन. काढून ठेवताना धुवून, वाळवून, झाकणाच्या ड्रममध्येच ठेवा. कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, कोठीत टाकली तर उंदीर त्यात घर करतात.