दोऱ्याच्या नक्षीच्या नावाखाली छापील पट्टी: कस्टम रॉड घेताना झालेली फसवणूक

मुठीच्या वर दोऱ्याची नक्षी असलेला मासेमारीचा रॉड हाताने बांधून देतो, असं सांगून एका माणसाने मला बाजारातला तयार रॉड विकला. त्यावर नक्षीची छापील पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्या कडा कळू नयेत म्हणून वर इपॉक्सीचा, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या पारदर्शक लेपाचा, जाड थर दिलेला होता. पैसे मात्र हाताच्या कामाचे, तेही पूर्ण. त्याचं नाव लिहीत नाही. असल्या लोकांना नाव बदलायला वेळ लागत नाही, त्यामुळे माणसापेक्षा ही लबाडी ओळखता येणं जास्त उपयोगाचं आहे.

ठरलं होतं ते असं. कोरा ब्लँक (रॉडची नुसती दांडी) घ्यायचा, मुठीच्या वर डायमंड रॅप (दोऱ्याच्या हिऱ्यांची नक्षी), त्याच्या वर बोटभर टायगर रॅप (वाघाच्या पट्ट्यांसारखी नक्षी) आणि सगळे गाइड (गळाची दोरी ज्यातून जाते त्या कड्या) रेशमी दोऱ्याने बांधायचे. दोऱ्याला कलर प्रिझर्व्हर, म्हणजे रंग टिकवणारा लेप, लावणार नाही, रेशमाचा मूळ पोत दिसू दे, असं त्याने स्वतःहून लेखी कळवलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे तेच त्याच्या अंगाशी आलं. काम चालू असताना तो फोटो पाठवायचा, पण प्रत्येक फोटो अगदी जवळून काढलेला. अख्खा रॉड एकाही फोटोत नाही. उरलेली रक्कम त्याने रॉड पाठवण्याआधी मागितली आणि ठरल्याप्रमाणे ती दिली गेली.

रॉड आला तेव्हा पहिल्या नजरेला सुंदर दिसला. शंका आली ती एका बारीक दोषामुळे. एका हिऱ्याच्या डाव्या कडेला लाल दोरा किंचित सरकलेला होता. हाताच्या कामात असं होतंच, त्याचं वाईटही वाटत नाही. पण भिंग लावून पुढे पाहत गेलो तर तोच दोरा, त्याच जागी, तेवढाच सरकलेला, दर तिसऱ्या हिऱ्यात. हात एकच चूक इतकी मापात पुन्हा पुन्हा करत नाही. ते छपाईचंच काम. भिंगातून रंगाचे ठिपकेही दिसले.

खरा डायमंड रॅप कसा होतो हे माहीत असेल तर पुढचं ओळखणं सोपं आहे. दोरा ब्लँकवर तिरका चढवत वर नेतात, टोकाला टेपने धरतात आणि उलट्या दिशेने खाली आणतात. हे दोन दोरे एकमेकांना समोरच्या रेषेवर एकदा आणि बरोबर मागे, म्हणजे १८० अंशांवर एकदा छेदतात. मग या मधल्या दोऱ्याच्या दोन्ही अंगांना एकेक दोरा लावत जायचं, रंग बदलत जायचं आणि प्रत्येक छेद बोटाने किंवा गुळगुळीत दांडीने सरळ करायचा. हिरा असा आतून बाहेर वाढत जातो. त्यामुळे खऱ्या कामात मागच्या बाजूलाही हिऱ्यांची पूर्ण रांग असते आणि ती पुढच्या रांगेपेक्षा अर्ध्या घराने सरकलेली असते. माझ्या रॉडच्या मागे अर्धवट कापलेले हिरे होते आणि त्यांच्यामधून एक उभी रेघ गेली होती. ब्लँक टोकाकडे निमुळता होत जातो, पट्टी मात्र सरळ चौकोनी कापलेली. जाड बाजूला तिच्या कडा जेमतेम भिडल्या होत्या आणि वर जाताना एक कड दुसरीवर चढत गेली होती. बोट फिरवून काही कळत नव्हतं, कारण इपॉक्सीने पायरी भरून काढली होती. दिव्यासमोर तिरकं धरलं तेव्हा कळलं.

आता ते लेखी वाक्य. प्रिझर्व्हर न लावलेल्या रेशमात इपॉक्सी मुरलं की दोरा गडद आणि अर्धपारदर्शक होतो. पांढरा दोरा तर जवळजवळ नाहीसाच होतो, खालच्या ब्लँकचा रंग वर येतो. साध्या नायलॉनचंही तसंच. रंग जसाच्या तसा हवा असेल तर प्रिझर्व्हर लावावा लागतो किंवा आधीच प्रक्रिया केलेला, एनसीपी (नो कलर प्रिझर्व्हर) म्हणून मिळणारा दोरा घ्यावा लागतो. माझा ब्लँक काळा होता आणि त्यावरची पांढरी रेघ दुधासारखी पांढरी. त्याने सांगितलेल्या पद्धतीने ती तशी राहूच शकत नव्हती.

टायगर रॅपची फसवणूक तर उन्हात नेताच उघडी पडली. या प्रकारात खाली एक थर गुंडाळून त्यावर इपॉक्सी देतात. तो सुकला की वर दोन दोरे जोडीने गुंडाळतात, त्यातला एक उलगडून काढून टाकतात आणि राहिलेल्या फटी पुन्हा इपॉक्सीने भरतात. दोन थरांमध्ये जे अंतर राहतं त्यामुळे रॉड फिरवला की पाण्यावर तेलाचा तवंग हलावा तशी चमक नक्षीवरून सरकत जाते. माझ्या रॉडवरचे पट्टे चित्रासारखे जागच्या जागी बसून होते.

इथपर्यंत नुकसान पैशाचं आणि हौसेचं. मला खरा राग आला तो गाइडच्या बांधणीवरून. बाकीचे गाइड कारखान्यातून आले तसेच ठेवून त्यावर नुसतं इपॉक्सी थापलं होतं. टोकाकडे हे वजन वाढलं की रॉडची चपळाई जाते. एक गाइड मात्र त्याने काढून दुसरा लावला होता. गाइडचा पाय कानशीने घासून टोकाला पातळ करायचा असतो, म्हणजे दोरा ब्लँकवरून पायावर अलगद चढतो आणि धातूची धार ब्लँकला रुतत नाही. इथे पाय घासलेलाच नव्हता. पायाच्या टोकाशी राहिलेल्या पायरीजवळ दोऱ्यात फट होती आणि रॉड थोडा वाकवला की तिथे पांढरी रेषा उमटायची.

हे दाखवायला वर्षानुवर्षं रॉड बांधणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्यांनी गरम हवेने इपॉक्सी मऊ करून गाइडच्या पायावर, म्हणजे धातूवर पातं टेकवून दोरा कापला. जुना दोरा काढताना ब्लँकवर पातं कधी टेकवायचं नसतं. आधीच्या माणसाने नेमकं तेच केलं होतं. खाली ब्लँकच्या ग्रॅफाइटवर आडवा चरा होता, नखाला लागेल इतका खोल. मोठा मासा जोर लावतो तेव्हा रॉड अशाच चऱ्यावर मोडतो. मग त्यांनी मुठीच्या वरची छापील पट्टी सोलली. ती एका तुकड्यात निघून आली. खाली कारखान्याचं लेबल होतं, अर्धवट खरवडलेलं, मॉडेलचा क्रमांक वाचता येत होता.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. मग म्हणाला, या पैशात एवढंच होतं. नंतर उत्तर येणं बंद झालं. त्याचे कामाचे फोटो इंटरनेटवर शोधले तर ते दुसऱ्याच एका कारागिराचे निघाले. त्यांना कळवलं तेव्हा त्यांनाही धक्का बसला, त्यांच्या नावावर कोणी तरी जगत होतं. मी तक्रार केलेली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत.

नक्षीचं काम करून घेणार असाल तर इपॉक्सी लावण्याआधीचा, कोरड्या दोऱ्याचा फोटो मागा. त्यात अख्खा रॉड दिसला पाहिजे आणि शेजारी तुमच्या नावाची चिठ्ठी. कोरड्या दोऱ्याचा तंतू दिसतो, छपाई लपत नाही. उरलेली रक्कम त्यानंतरच द्या. उन्हात रॉड सावकाश पूर्ण फिरवतानाचा व्हिडिओ मागा, मागची बाजूही दिसू दे. चांगला कारागीर हे आनंदाने करतो, त्याला आपलं काम दाखवायचंच असतं. दोरा कोणत्या जातीचा, ए जाडीचा (पातळ) की डी (जाड), प्रिझर्व्हर आहे की नाही, हे लेखी घ्या.

आणि असा रॉड आधीच घरात असेल तर त्याला मासा लावण्याआधी प्रत्येक गाइडच्या पायाशी भिंग धरून पाहा. फट किंवा पांढरी रेषा दिसली तर तो रॉड वाकवू नका. जाणत्या माणसाकडून तेवढा एक गाइड उघडून घ्या आणि खाली चरा आहे का ते बघा.