ओपनबॉक्सचे आठ महिने: क्लिक केलं तरी खिडकी वर येऊ नये म्हणून

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी जुन्या गुजराती दस्तऐवजांचं मराठी भाषांतर करते. बडोदं सोडून पुण्या-ठाण्याकडे गेलेल्या कुटुंबांना आजोबांची खरेदीखतं, वाटणीपत्रं मराठीत हवी असतात. लॅपटॉप १४ इंची, रॅम ४ जीबी. डेबियन या लिनक्सवर एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप टाकला आणि त्याच्यासोबत ओपनबॉक्स, म्हणजे खिडक्यांची मांडणी सांभाळणारा प्रोग्राम, आला.

स्क्रीनभर दस्तऐवजाचं स्कॅन आणि त्याच्यावर, खालच्या एक तृतीयांश भागात, लिहायची खिडकी, अशी माझी मांडणी असते. जुनं हस्ताक्षर लागलं नाही की सासरे, म्हणजे आमचे नाना, शेजारी बसून वाचून देतात. ओळ दाखवताना ते स्कॅनवर क्लिक करतात. क्लिक झालं की स्कॅन पुढे यायचं आणि माझं अर्धवट वाक्य त्याच्यामागे जायचं. दिवसातून पन्नास वेळा.

आधी फोकस (म्हणजे दाबलेल्या कळा कोणत्या खिडकीला मिळणार ते) माऊसमागे जाऊ देण्याचं सेटिंग चालू केलं. ‘फॉलोमाऊस’ला ‘येस’, आणि खिडकी आपोआप वर येऊ नये म्हणून ‘रेझऑनफोकस’ला ‘नो’. दोन दिवस बरं वाटलं. मग लिहिता लिहिता हाताचा धक्का लागून कर्सर स्कॅनवर सरकला आणि पुढची सगळी अक्षरं पीडीएफच्या खिडकीत गेली. तिथे प्रत्येक कळ म्हणजे एक आज्ञा, त्यामुळे पानं भलतीकडेच उडाली. ‘फोकसडिले’ २०० मिलिसेकंदांवरून ४०० केला, तरी फरक पडला नाही. ज्यांची नजर आणि माऊस एकत्र फिरतात त्यांना हे सेटिंग सोयीचं असेल. मी कळफलकावर मान खाली घालून लिहिणारी, मला ते मानवलं नाही.

दुसरा प्रयत्न केला तो लिहायच्या खिडकीला ‘अबव्ह’ थर देण्याचा, म्हणजे ती कायम सगळ्यांच्या वर. पण मग स्कॅनच्या खिडकीतून छपाईची किंवा जतन करण्याची छोटी चौकट उघडली की तीही लिहायच्या खिडकीखाली दडायची. मशीन अडकलं असं वाटून मी दोनदा ते बंद केलं होतं.

उत्तर ओपनबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, माऊसच्या विभागात सापडलं. ओपनबॉक्समध्ये खिडकीच्या आतल्या भागाला ‘क्लायंट’ म्हणतात, आणि तिथे बटण दाबलं की दोन कृती घडतात: ‘फोकस’ आणि ‘रेझ’, म्हणजे खिडकी वर आणणं. या दोन वेगळ्या ओळींत लिहिलेल्या आहेत. डाव्या, मधल्या आणि उजव्या अशा तिन्ही बटणांखालची ‘रेझ’ची ओळ काढली, आणि काम झालं. आता स्कॅनवर क्लिक केलं की कळा त्याला मिळतात, पण ते आपल्या जागीच राहतं. खिडकी खरंच वर हवी असेल तेव्हा शीर्षकपट्टीवर क्लिक करते. नुसतं पान वर-खाली सरकवायला तर क्लिकही लागत नाही: एक्स-११ मध्ये (पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची जुनी व्यवस्था) माऊसचं चाक फिरवलं की कर्सरखालच्या खिडकीतलं पान सरकतं, फोकस कुठेही असो. हे आधी माहीत असतं तर फॉलोमाऊसच्या वाटेला गेलेच नसते.

एक अडचण मात्र राहते. काही नवे प्रोग्राम आपली शीर्षकपट्टी स्वतःच काढतात. ओपनबॉक्सच्या लेखी तीही ‘क्लायंट’च, त्यामुळे तिच्यावर क्लिक करून ती खिडकी वर येत नाही. तिथे ऑल्ट दाबून क्लिक करावं लागतं. ऑल्टसह डावं बटण धरून ओढलं तर खिडकी हलते आणि उजवं धरून ओढलं तर तिचा आकार बदलतो. छोट्या पडद्यावर याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

सुरुवातीला माझा एक अख्खा रविवार वाया गेला, तो या सेटिंगच्या फाइलच्या नावामुळे. सगळीकडे ‘आरसी डॉट एक्सएमएल’ बदला असं लिहिलेलं असतं. मी बदलत होते आणि काहीच होत नव्हतं. एलएक्सडीईच्या सत्रात ओपनबॉक्स त्याच फोल्डरातली ‘एलएक्सडीई-आरसी डॉट एक्सएमएल’ वाचतो. बदल केल्यावर टर्मिनलमधून रीकॉन्फिगर करायचं, म्हणजे ओपनबॉक्सला फाइल पुन्हा वाचायला लावायची, लॉगआउट लागत नाही. आणि आधी प्रत काढून ठेवायचीच. एकदा एक टॅग बंद करायचा राहिला, तेव्हा ओपनबॉक्सने चुकीची ओळ कितवी ते सांगितलं, म्हणून लगेच सापडली.

प्रोग्रामवार नियमही करून ठेवलेत. ओबीएक्सप्रॉप ही आज्ञा चालवून खिडकीवर क्लिक केलं की तिचा क्लास, म्हणजे प्रोग्रामचं ओळखनाव, कळतो. तो फाइलमध्ये लिहून जागा, आकार, डेस्कटॉप ठरवता येतो. स्कॅन आणि लेखन पहिल्या डेस्कटॉपवर, शब्दकोश दुसऱ्यावर. नियम खिडकी उघडताना लागतो, आधीच उघडलेल्या खिडकीला नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

ओपनबॉक्सची ३.६.१ ही आवृत्ती २०१५ ची आहे, आणि तो वेलँडवर, म्हणजे एक्स-११ च्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेवर, चालत नाही. नवा लॅपटॉप घेईन तेव्हा लॅबडब्ल्यूसी हा वेलँडवरचा तसाच प्रोग्राम लावून बघणार आहे. त्याची फाइल याच धाटणीची असते आणि माऊसच्या कृतीही तिथे अशाच लिहायच्या असतात. ‘रेझ’च्या त्या तीन ओळी वेगळ्या कागदावर उतरवून ठेवल्या आहेत. सध्या नाना १९३० च्या सुमाराच्या एका वाटणीपत्रावर बोट ठेवून बसलेत. ओळीवर क्लिक करतात, मी खाली लिहीत जाते.