नोकरी सांभाळून पदवी: नाशिक, इग्नू, कोल्हापूर की खासगी ऑनलाइन?

माझा मावसभाऊ सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पाळीवर काम करतो. बारावीनंतर लगेच चिकटला, आता सुपरवायझरच्या जागेसाठी पदवी मागतात. "दादा, बी.कॉम. कुठून करू?" म्हणून परवा घरी आला.

त्याला आधी एकच काम सांगितलं: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्य अभ्यासक्रमांची यादी बघ. विद्यापीठाला मान्यता असली म्हणजे झालं, असं नसतं. तोच अभ्यासक्रम, त्याच सत्रासाठी, दूरस्थ की ऑनलाइन हे सगळं त्या यादीत जुळायला हवं. फी थेट विद्यापीठाच्याच खात्यात भरायची. कुणा केंद्रचालकाला फ्रँचायझी देऊन पदवी देण्याची मुभाच नाही. मी स्वतः एकदा फसलोय. "आजच सीट बुक करा" असे रोज फोन यायचे, पाच हजार भरले आणि नंतर कळलं की तो अभ्यासक्रम यादीतच नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांची पदवी घरबसल्या देतो असं कुणी म्हणालं, तर तिथून सरळ उठून यायचं.

यादीत बसणाऱ्या पदवीला कमी लेखू नका. ती नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असं यूजीसीनं 2022 साली स्पष्ट केलंय.

आता निवड. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं (यशवंतराव आपल्या देवराष्ट्र्याचेच). पुस्तकं मराठीत, अभ्यासकेंद्रं जवळच्या कॉलेजात आणि संपर्कसत्रं बहुतेक रविवारी. दहा वर्षं वही न उघडलेल्या माणसाला मराठी पुस्तकाचा केवढा आधार वाटतो, हे मी जवळून पाहिलंय. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं साहित्य मुख्यतः इंग्रजी-हिंदीत. पण तिथं प्रवेश जानेवारी आणि जुलै असे दोनदा, परीक्षा जून-डिसेंबरला आणि तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत पुरी करता येते. सलग सुट्टी मिळत नाही त्याच्यासाठी ही सवलत मोठी आहे. फक्त सत्रकार्य (घरून लिहून द्यायच्या असाइनमेंट) वेळेत द्यावं लागतं. पेपरला बसायचं तर ते चुकवून चालत नाही, आणि रात्रपाळीवाले नेमके तिथंच अडकतात.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राची पदवी घेतली, तर सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांतल्या मुलांना ज्या विद्यापीठाची मिळते त्याच विद्यापीठाची मिळते. शिवाय काही अडलं, तर तिथं जाऊन एका दिवसात परत येता येतं.

खासगी विद्यापीठांचे ऑनलाइन एम.बी.ए. बघायला देखणे. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं केव्हाही ऐकता येतात, अनेक ठिकाणी परीक्षाही घरूनच, कॅमेऱ्यासमोर. फी मात्र बऱ्याचदा लाखाच्या पुढे. आधीच पदवी आहे, कंपनी फी भरतेय किंवा बढती ठरलेली आहे, तरच मी त्या वाटेला जा म्हणेन. पहिल्या पदवीसाठी कर्ज काढून नको.

भावाला मी नाशिक सुचवलंय. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते आणि इंग्रजीची धास्ती आहे. येत्या रविवारी आम्ही दोघं अभ्यासकेंद्रावर जाणार आहोत. तिथं शिकणाऱ्या कुणाला तरी गाठून निकाल कधी लागतो, पुस्तकं वेळेत येतात का आणि पेपरला किती दिवस रजा टाकावी लागते, एवढं विचारायचं. मग फॉर्म भरायचा.