सहा लाखांच्या पॅकेजची हमी: नेटवर्किंगच्या क्लासने मला कसं फसवलं

२०२२ साली पुण्यातल्या एका कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या क्लासमध्ये माझे ७५ हजार रुपये गेले. नाव लिहीत नाही, पण पद्धत सविस्तर सांगतो. तीच पद्धत अजून चालू आहे.

बीएस्सी करून मी कराडहून आलो होतो. काउन्सेलर मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं: सीसीएनए, सीसीएनपी (सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षा) आणि फायरवॉल सहा महिन्यांत, १०० टक्के प्लेसमेंट, सुरुवातच सहा लाखांपासून. माझ्या बाबांशीही त्याच फोनवरून बोलल्या, "काका, मुलाचं आयुष्य मार्गी लागेल."

एवढे पैसे नव्हते, तर टॅब पुढे आला. आधार, पॅन, सेल्फी, दोन ओटीपी. मला वाटलं, क्लास फीचे हप्ते पाडून देतोय. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज होतं. सगळं नुकसान इथून सुरू झालं. क्लासला पूर्ण रक्कम आधीच मिळाली, त्यामुळे पुढे शिकवलं काय आणि नाही शिकवलं काय, त्यांचं काहीच अडत नव्हतं. दोन महिन्यांत चांगले सर सोडून गेले. लॅबमधले राउटर बंदच असायचे. सगळं पॅकेट ट्रेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जे सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत फुकट मिळतं. हप्ता थांबवला, तर वसुलीचे फोन थेट बाबांना जायला लागले. क्लास बंद पडला तरी कर्ज आपल्याच डोक्यावर राहतं, थकलं की सिबिल खराब होतं.

शेवटी हातात पडलं ते क्लासचं स्वतःचं सर्टिफिकेट. सिस्कोचं सीसीएनए हवं तर २००-३०१ ही परीक्षा पिअर्सन व्हीयूई या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत द्यावी लागते, फी ३०० डॉलर आणि वर कर. ती फी "पॅकेजमध्येच आहे" हे फक्त तोंडी होतं.

आणि प्लेसमेंट? करारात शब्द होता "मुलाखतीची संधी". तशा तीन दिल्या. एक ब्रॉडबँडची केबल ओढायची, ११ हजार, पेट्रोल आपलं. दुसरी कॉल सेंटरची. तिसऱ्या ठिकाणी ४० हजारांत दोन वर्षांचं खोटं अनुभवपत्र देऊ म्हणाले. मी उठून आलो. पीएफच्या यूएएन नंबरवर नोकऱ्यांचा इतिहास दिसतो. माझ्या एका बॅचमेटने असं पत्र घेतलं होतं, तो पडताळणीत असाच पकडला गेला आणि नोकरी गेली.

नंतर मी घरी बसून सबनेटिंग (मोठं नेटवर्क लहान भागांत विभागणं) घोटलं, मामाकडून उसने घेऊन परीक्षा दिली, पास झालो. नोकरी लागली ती नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात, एल-वन या पहिल्या पायरीवर, पगार मात्र मधल्या कंत्राटदार कंपनीकडून. हातात १६ हजार, फिरत्या शिफ्ट. अलार्म बघायचा, तिकीट काढायचं, लिंक पडली की वर कळवायचं. आज पुढच्या पायरीवर, एल-टूला आहे, राउटिंगचे बदल स्वतः करतो, ४२ हजार मिळतात. हे क्षेत्र वाईट नाही. पण सुरुवात अशी असते हे मला कुणी सांगितलं असतं, तर सहा लाखांवर विश्वासच बसला नसता.

ओटीपी देण्याआधी कर्जाचा कागद मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मला हे खूप उशिरा कळलं. भिंतीवरचे फोटो सोडा, मागच्या बॅचच्या दोन-तीन मुलांना स्वतः भेटा आणि पगाराची स्लिप बघा. फसलाच असाल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. मात्र जे कबूल केलंय ते व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घेतलेलं हवं. माझ्याकडे एक ओळही नव्हती.